ब्रिस्टल येथील तबकड्या

अमेरिकेस जाऊन आलेला मनुष्य बहुधा नायगाराचा धबधबा, न्यूयॉर्कचे मनोरे व वॉशिंग्टनचे राष्ट्राध्यक्षांचे मंदिर यांविषयी लिहितो, आणि वाचकांचीही तशीच अपेक्षा असते. आम्हीही ती स्थळे पाहिली. परंतु आमच्याहून जाणत्या लोकांनी त्यांविषयी पुष्कळ लिहून ठेवले असल्यामुळे त्या वाटेस जाण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही. आमचे मन रमले ते ब्रिस्टल नावाच्या एका लहानशा डोंगरी शहरात, आणि तेथेही जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या विकणाऱ्या एका दुकानात. अशा आडवाटेच्या ठिकाणी आम्ही मुद्दाम का गेलो, याचे कारण मात्र आमच्या पुण्याच्या घरातील एका ट्रंकेत होते; तेव्हा आरंभ तेथूनच केला पाहिजे.

आमचे आजोबा भुसावळास जी. आय. पी. रेल्वेच्या कचेरीत नोकरीस होते. त्यांच्यामागे जी ट्रंक राहिली तीत बालगंधर्वांच्या व मास्टर दीनानाथांच्या पदांच्या तबकड्यांत एक इंग्रजी तबकडी होती. एका अँग्लो-इंडियन गार्डाने बदली होऊन जाताना ती आजोबांस दिली, अशी आमच्या घरची परंपरा. लेबलावर ‘दी ट्विन’ हे नाव आणि गाणाऱ्याचे नाव जिमी रॉजर्स. गाता गाता हा गृहस्थ मध्येच आवाज असा काही उंच उडवी की आमची आजी तिला ‘कोल्हेकुईची प्लेट’ म्हणत असे व आम्ही मुले पोट धरून हसत असू. आजोबांना मात्र ती फार प्रिय होती. त्यांच्या अखेरच्या वर्षांत दृष्टी गेली, तेव्हा रोज सायंकाळी ती तबकडी लावून देण्याचे काम नव्यानेच घरात आलेल्या आमच्या थोरल्या वहिनींकडे होते.

गेल्या वर्षी वाडा पाडावयाचे ठरले आणि सामानाची वाटणी निघाली. तांब्यापितळेची भांडी, देव्हारा, पुस्तके यांची वाटणी हसतखेळत झाली; अडले ते या ट्रंकेपाशी. आमचा पुतण्या नॉर्थ कॅरोलायना संस्थानात शार्लट शहरी नोकरीस असतो. त्याने कळविले की, जिमी रॉजर्सच्या पहिल्या तबकड्यांना तिकडे मोठी किंमत येते. आपल्या घरची तबकडी तसली असेल तर ती विकून पैसा चौघांत वाटून घ्यावा. वहिनींनी स्वच्छ सांगितले की, आजेसासऱ्यांची ती वस्तू विकावयाची नाही. चार दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलेना. अशा वेळी आमचा अमेरिकेचा प्रवास ठरलेला. तेव्हा उभयपक्षांनी हा निवाडा आमच्या गळ्यात घातला. तबकडी मूळ छापाची आहे की नाही, हे त्या विद्येच्या माहेरघरी जाऊन विचारून यावे असे ठरले.

हे माहेरघर म्हणजेच ब्रिस्टल. शार्लटहून मोटारीने तीन तासांच्या सुमारास आम्ही तेथे पोहोचलो. वाटेत अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या रांगा लागतात. आपल्या सह्याद्रीसारखे तुटलेले कडे येथे नाहीत. डोंगर गोलसर, गर्द झाडीचे, एकामागे एक निळसर होत जाणारे. खोऱ्याखोऱ्यांतून एकेकटी लाकडी घरे. आज सडका उत्तम आहेत; परंतु शंभर वर्षांपूर्वी या खोऱ्यांतील माणूस आपल्या डोंगरापलीकडे क्वचितच जात असेल, हे पाहताक्षणी पटते. स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंड येथून आलेल्या लोकांची जुनी गाणी, निग्रो लोकांचा बँजो व त्यांच्या चाली, आणि देवळातील भजने यांचे मिश्रण या दऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुरत राहिले. त्यालाच पुढे ‘कंट्री’ संगीत हे नाव पडले.

ब्रिस्टलचा मुख्य रस्ता स्टेट स्ट्रीट. हा रस्ता म्हणजेच दोन संस्थानांची शीव आहे. उत्तरेकडची दुकाने व्हर्जिनियात, दक्षिणेकडची टेनेसीत. रस्त्याच्या मधोमध पितळी पट्ट्या बसविलेल्या असून त्यांवर दोन्ही नावे कोरली आहेत. एक पाय या संस्थानात व दुसरा त्या संस्थानात ठेवून छायाचित्र काढविण्याचा मोह आमच्यासारख्या प्रौढांसही आवरला नाही. याच रस्त्यावर टेनेसीच्या बाजूस टोप्या व हातमोजे यांच्या एका कंपनीची इमारत होती. ती आज उरलेली नाही. तिच्या वरच्या मजल्यावर १९२७ सालच्या २५ जुलैपासून ५ ऑगस्टपर्यंत व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीर हा गृहस्थ तळ देऊन बसला होता. आवाज कोंडावा म्हणून खोलीस चादरी व रग टांगले होते. मेणाची तबकडी फिरविण्यास विजेचा भरवसा नव्हता. तेव्हा उंचावरून हळूहळू खाली येणाऱ्या वजनाने ती फिरविली जाई. पीरने एका गाण्यास ५० डॉलर रोख द्यावयाचे कबूल केले होते. डोंगरातील शेतकऱ्यास ही रक्कम म्हणजे घबाडच. त्या बारा दिवसांत एकोणीस गायक-वादकांनी येऊन ७६ गाणी दिली.

त्यांतील दोन नावे अमर झाली. १ ऑगस्टला जवळच्याच पुअर व्हॅली खोऱ्यातून कार्टर कुटुंब आले: ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा, आणि तिची नात्यातली बहीण व त्याच्या भावाची बायको मेबेल. मेबेल तेव्हा अवघी अठरा वर्षांची असून गरोदर होती, आणि गिटार अशी वाजवी की पुढे त्या रीतीस तिच्याच कुटुंबाचे नाव पडले. नंतर ४ तारखेला आला जिमी रॉजर्स. हा मिसिसिपीकडचा, रेल्वेत ब्रेक्समनचे काम करीत असे, परंतु क्षयाने पछाडल्यामुळे ती नोकरी सुटली होती. ज्या मंडळीबरोबर तो गावयास आला तिच्याशी आदल्याच रात्री त्याचे बिनसले, म्हणून तो एकटाच गायिला. पुढे सहा वर्षांतच, १९३३ सालच्या २६ मे रोजी, पस्तिसाव्या वर्षी तो न्यूयॉर्क येथे वारला. दोनच दिवस आधी तो गाणी देत होता, मधून मधून खाटेवर पडून विसावा घेत. भुसावळच्या कचेरीतील आमच्या आजोबांना हा गाणारा रेल्वेचा माणूस आहे हे ठाऊक होते की नाही कोण जाणे. परंतु गार्डास ठाऊक असावे.

व्हर्जिनियाच्या बाजूस २०१४ साली या संगीताचे एक सुंदर संग्रहालय उघडले आहे. ते आम्ही अर्धा दिवस पाहिले; त्याचे वर्णन येथे करीत नाही. आमचे काम दुकानात होते.

दुकानदार सत्तरी ओलांडलेला, मितभाषी, आणि गिऱ्हाईक काही घेवो वा न घेवो, त्याविषयी पूर्ण उदासीन. आम्ही पुण्याहून आलो हे ऐकूनही त्याचे कुतूहल जागे झाले नाही. परंतु मूळ छाप ओळखावयास शिकवाल काय, असे विचारताच त्याने गल्ल्यातून एक भिंग काढून आमच्या हाती दिले. पुतण्याने एव्हाना ढिगातून एक तबकडी उचलली होती. ती व्हिक्टर १९४२७ क्रमांकाची, व्हर्नन डालहार्ट याने गायिलेली. एका बाजूस कैद्याचे गाणे, दुसऱ्या बाजूस रेल्वेच्या अपघाताचे. पाकिटावर पूर्वीच्या मालकाने शिसपेन्सिलीने ‘मूळ, १९२४’ असे लिहिलेले, आणि दुकानाची किंमत चाळीस डॉलर. पुतण्या म्हणाला, “काका, ही घेऊ या. अगदी पहिल्या काळातली आहे.”

म्हातारा हसला आणि म्हणाला, आधी लेबल पाहा. व्हिक्टरचे लेबल काळे, सोनेरी अक्षरांचे, वर कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा, हे खरे. पण १९२६ सालापूर्वीच्या लेबलावर कुत्र्याच्या दोन्ही अंगांस वटवाघळाच्या पंखांसारखी आकृती असते, आणि त्यानंतरच्या लेबलावर गुंडाळीसारखी वेलबुट्टी येते. ही वेलबुट्टीची निघाली. मग त्याने तबकडी दिव्याखाली तिरपी धरली. गाण्याच्या रेघा संपतात आणि लेबल सुरू होते, यांच्या मध्ये एक गुळगुळीत पट्टी असते. तीत लंबवर्तुळात ‘व्ही. ई.’ अशी दोन अक्षरे ठशातूनच उमटलेली होती. याचा अर्थ हे गाणे विजेच्या यंत्राने घेतलेले आहे. १९२४ साली वीज नव्हती. डालहार्ट मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायिला होता. ती तबकडी लाखांनी खपली. मग मायक्रोफोन आल्यावर कंपनीने १९२६ साली तीच गाणी त्याच्याकडून पुन्हा गाववून घेतली, आणि तोच क्रमांक लावून विकली. क्रमांक एक, नाव एक, गाणे एक. आवाज मात्र दुसऱ्या दिवशीचा! म्हाताऱ्याने चाळिसाची चिठ्ठी फाडली आणि तीन डॉलर सांगितले. अस्सल १९२४ ची असती तरी तिला फार तर दहा मिळाले असते, हेही त्याने सांगून टाकले. कारण ज्या वस्तू लाखांनी निघाल्या त्या घरोघर सापडतात. जुनी म्हणजे दुर्मिळ, ही नवशिक्याची समजूत.

मग दुर्मिळ कोणती? याचे उत्तर ऐकून आम्ही चकित झालो. रॉजर्सची ब्रिस्टलची पहिली तबकडी, व्हिक्टर २०८६४, ऑक्टोबर १९२७ मध्ये निघाली. तिचा खप बेताचाच होता. पण त्याच्या अखेरच्या तबकड्या तिच्याहूनही दुर्मिळ आहेत. कारण मंदी. १९२७ साली अमेरिकेत सुमारे दहा कोटी तबकड्या विकल्या गेल्या, आणि १९३२ साली जेमतेम साठ लाख! खेडुताजवळ ७५ सेंट राहिले नाहीत. म्हणून व्हिक्टरने ‘ब्ल्यूबर्ड’ नावाची ३५ सेंटांची तबकडी काढली आणि तीवर रॉजर्सची व कार्टर कुटुंबाची जुनी गाणी पुन्हा छापली. आरंभी तिचे लेबल फिकट पिवळसर व त्यावर निळा पक्षी. १९३७ पासून लेबलच निळे होऊन त्यावर स्वरलिपीच्या पाच रेघा आल्या. टपालाने माल विकणाऱ्या मोठ्या पेढ्याही मागे राहिल्या नाहीत. माँटगोमेरी वॉर्ड स्वतःच्या नावाचे लेबल लावी. सिअर्स रोबकची ‘सिल्व्हरटोन’, ‘सुपरटोन’, ‘कॉन्करर’ अशी नाना लेबले. तेव्हा कार्टर कुटुंबाचे एकच गाणे तीन लेबलांवर सापडले तर पहिले व्हिक्टरचे, बाकीची मागाहूनची, असे सामान्यतः समजावे.

लेबल खोटेही बोलते, हे आम्हांस नवीन होते. डालहार्ट अनेक कंपन्यांसाठी गात असे आणि प्रत्येक ठिकाणी नाव वेगळे. कोलंबियाच्या लेबलावर तो ‘अ‍ॅल क्रेव्हर’, हार्मनीच्या लेबलावर ‘मॅक अ‍ॅलन’. इंडियाना संस्थानात रिचमंड येथे पियानो तयार करणाऱ्या स्टार कंपनीचे ‘जेनेट’ नावाचे लेबल होते. त्याच गाण्यांची स्वस्त छाप ‘चँपियन’ या लेबलावर टोपणनावांनी निघे. ज्याने ५० डॉलरवर गाणे देऊन टाकले त्या डोंगऱ्यास आपण दुसऱ्याच नावाने घरोघर गात आहो याची कल्पनाही नसावी. उलट एका तबकडीवर क्रमांकच नव्हता. राल्फ पीर व्हिक्टरकडे येण्यापूर्वी ओके कंपनीत होता. तिच्यातर्फे १९२३ साली त्याने अटलांटा येथे फिडलर जॉन कार्सन याचे गाणे घेतले. ते त्याला इतके भिकार वाटले की त्याने यादीत न घालता, क्रमांक न देता, केवळ स्थानिक व्यापाऱ्याच्या आग्रहास्तव पाचशे तबकड्या छापून दिल्या. त्या हातोहात उडाल्या, तेव्हा ४८९० हा क्रमांक देऊन कंपनीने त्या देशभर विकल्या. या क्रमांकावाचूनच्या पाचशेंपैकी एखादी आज हाती लागणे म्हणजे भाग्योदयच.

क्रमांकांतही एक पंक्तिभेद होता, आणि तो समजल्यावर आमचे मन काही वेळ खिन्न झाले. ओके कंपनीची ४५००० पासूनची माला गोऱ्या खेडुतांच्या ‘जुन्या चालींची’, आणि ८००० ची माला निग्रो गायकांची. कोलंबियाची १५००० ची गोऱ्यांची, १४००० ची निग्रोंची. गाणी मात्र या पंगतींस जुमानीत नव्हती. रॉजर्सने १९३० च्या जुलैत लॉस एंजेलिस येथे नववे ‘ब्ल्यू योडल’ गायिले, त्यात ट्रम्पेट वाजविणारा लुई आर्मस्ट्राँग व पियानोवर त्याची पत्नी लिल होती. लेबलावर त्या दोघांचा उल्लेखही नाही. ए. पी. कार्टर गावोगाव गाणी गोळा करीत हिंडे, तेव्हा लेस्ली रिडल नावाचा एक पायाने अधू निग्रो गिटारवाला त्याच्याबरोबर असे. कार्टरने शब्द टिपावेत आणि रिडलने चाल ध्यानात ठेवावी. लेबलावर नाव एकट्या ए. पी. कार्टरचे. पंक्तिभेदाची आम्हांस घरीच पुष्कळ ओळख आहे. तेव्हा दुसऱ्यांस नावे ठेवण्याचा अधिकार आम्ही सांगत नाही.

पुतण्याचा ओढा लाखेच्या तबकड्यांपेक्षा मागाहूनच्या प्लास्टिकच्या मोठ्या तबकड्यांकडे. तिकडचे शास्त्र निराळे, म्हणून थोडक्यात सांगतो. कोलंबियाच्या १९५५ ते १९६२ पर्यंतच्या लेबलावर कडेला सहा डोळे काढलेले असतात; नंतर १९७० पर्यंत दोनच. मार्टी रॉबिन्सची बंदुकबहाद्दरांच्या गाण्यांची तबकडी १९५९ सालची. म्हणजे तिची मूळ छाप सहा डोळ्यांचीच असली पाहिजे, दोन डोळ्यांची ती मागाहूनची. परंतु जॉनी कॅशची फॉल्सम तुरुंगात गायिलेली तबकडी १९६८ सालची. तिची मूळ छापच दोन डोळ्यांची. तेव्हा अमुक लेबल म्हणजे मूळ व तमुक म्हणजे मागाहूनचे, असा सरसकट नियम नाही. आधी गाणे केव्हाचे ते ठाऊक पाहिजे, मग लेबल केव्हाचे ते ताडून पाहावे. आर. सी. ए. व्हिक्टर कंपनीने १९४९ साली ४५ फेऱ्यांची लहान तबकडी काढली तेव्हा संगीताच्या प्रकारागणिक रंग दिले होते. अभिजात संगीत तांबडे, मुलांची गाणी पिवळी, आणि कंट्री हिरवी! एडी अर्नोल्डची तसली एक पोपटी-हिरवी तबकडी दुकानात होती. ती पाहून आम्हांस पहिल्याने लिमलेटच्या गोळीची आठवण झाली.

नकला कशा ओळखाव्या, हेही म्हाताऱ्याने दाखविले. मेम्फिसच्या ‘सन’ लेबलाच्या पिवळ्या तबकड्यांची बनावट फार होते. एल्व्हिस प्रेस्लीची १९५४ सालची पहिली, क्रमांक २०९, हिची तर विशेषच. नकली लेबल बहुधा अस्सलाचे छायाचित्र घेऊन छापलेले असते. भिंगातून पाहिले की अक्षरांच्या कडा फुगीर, पुसट दिसतात. शिवाय मेम्फिस येथे छापलेल्या पुष्कळशा अस्सल ४५ तबकड्यांच्या लेबलावर यंत्राच्या दाबाच्या तीन वाटोळ्या खुणा असतात. ज्या खुणा पूर्वी दोष म्हणून गणल्या गेल्या असतील त्याच आज खरेपणाची साक्ष देतात.

“परंतु इतका खटाटोप कशासाठी?” असे आम्ही शेवटी विचारले. “गाणे तेच ना?” म्हातारा थोडा वेळ थांबला. मग म्हणाला की, मूळ मेणावरून धातूचा ठसा घेत आणि त्या ठशाने तबकड्या छापत. ठसा झिजत जाई, तसतसे सुरांवरचे पाणी उतरे. पहिल्या छापांत गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. आणि दुसरे असे की, लहान कंपन्या बुडाल्या तेव्हा त्यांचे ठसे मोडीत गेले. कित्येक गाण्यांना आता तबकडीखेरीज दुसरा आधारच नाही. दोनतीनच प्रती उरल्या आहेत अशी गाणी आहेत. एकही उरली नाही अशीही आहेत, त्यांची केवळ नावे यादीत राहिली.

याच ओघात त्याने जे सांगितले त्याने आम्ही एकदम सावध झालो. १९४२ च्या एप्रिलात अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी लागणाऱ्या चपडी लाखेचा वापर सत्तर टक्क्यांनी तोडला, कारण ती लाख हिंदुस्थानातून येत असे, आणि युद्धामुळे तिची आवक धोक्यात आली होती. शिवाय लष्करास ती हवी होती. मग कंपन्यांनी लोकांच्या जुन्या तबकड्या मोडीच्या भावाने परत घेऊन, दळून, त्यांच्याच नव्या तबकड्या केल्या. किती कार्टर, किती रॉजर्स त्या चक्कीत गेले याची गणती नाही. छोटा नागपूरच्या जंगलात पळसाच्या, कुसुमाच्या व बोरीच्या डहाळ्यांवर बसणारा तो बारीकसा किडा. त्याची लाख आदिवासींनी खरवडावी, तिच्यापासून मिर्झापूरकडे चपडी व्हावी, ती कलकत्त्याहून बोटीने जावी, आणि तिच्यात दगडाची पूड व काजळी मिसळून न्यूजर्सीतील कॅमडेन गावी जिमी रॉजर्सची तबकडी बनावी! ब्रिस्टलच्या दुकानात आम्ही परके म्हणून शिरलो होतो. ते परकेपण यानंतर निम्म्याने कमी झाले.

आता पुतण्याने खिशातून मोबाइल काढून आमच्या घरच्या तबकडीची छायाचित्रे म्हाताऱ्यापुढे धरली. इतका वेळ उदासीन असलेला तो मनुष्य खुर्चीवरून उठला. छायाचित्र मोठे करकरून त्याने लेबल वाचले. क्रमांकामागची ‘एफ. टी.’ ही अक्षरे पाहून त्याने मान डोलावली, आणि निर्णय दिला. ही मूळ छाप नव्हे. व्हिक्टरचे लंडनच्या ग्रामोफोन कंपनीशी साटेलोटे होते; अमेरिकेत घेतलेल्या गाण्याचे ठसे तिकडे जात, आणि त्यांवरून तुमच्या देशात, कलकत्त्याजवळ दमदम येथील कारखान्यात, ही तबकडी छापलेली आहे. म्हणजे गाणे अमेरिकेचे, छाप हिंदुस्थानची. पहिली आवृत्ती असे तिला म्हणता येत नाही. “परंतु,” तो म्हणाला, “मी पन्नास वर्षे हा धंदा करतो, ट्विनवरचा रॉजर्स प्रत्यक्ष हातात धरला तो दोनदाच.” हिंदुस्थानातील साहेबलोक आणि अँग्लो-इंडियन यांच्यापुरत्याच त्या थोड्या निघाल्या, त्यातून उष्णता, बुरशी व घरांची वाटणी यांतून वाचल्या त्या आणखी थोड्या. घरांची वाटणी हे शब्द आमचे. त्याने ‘घरे बदलताना’ असे काहीसे म्हटले होते. चांगल्या स्थितीत असेल तर संग्राहक तिचे बरे पैसे देतील. मात्र कडेपासून आत केसासारखी चीर नाही ना, हे उन्हात धरून पाहा, चीर असेल तर भाव कोसळला म्हणून समजा.

निवाडा करावयास गेलो आणि तिढा घेऊन परत आलो, अशी आमची स्थिती झाली. पुतण्याचे ‘मूळ’ खोटे ठरले, तरी ‘किंमत’ उरलीच.

दुसरे दिवशी शनिवार होता, म्हणून परतण्यापूर्वी हिल्टन्स येथे पुअर व्हॅलीत गेलो. ए. पी. कार्टरचे जुने दुकान तेथे अजून आहे, आणि शेजारी त्याच्या मुलीने उभारलेल्या सभागृहात दर शनिवारी गाणेबजावणे होते. दारूस मज्जाव, त्यामुळे नातवंडांपासून आजीपर्यंत सर्व मंडळी निर्धास्त येतात. म्हाताऱ्या बायका लाकडी फळ्यांवर बुटांनी ताल धरून नाचत होत्या. आमच्या सौभाग्यवतींना एका आजीबाईने हात धरून उठविले व चार पावले टाकावयास लावले, हे येथे नमूद केले नाही तर तो अन्याय होईल.

पुण्यास परतल्यावर दुसऱ्या सकाळी आम्ही ट्रंक उघडली. वहिनी, धाकटे बंधू, मुले, सर्वजण माडीवरच्या खिडकीशी जमले. तबकडी उन्हात तिरपी धरली. गुळगुळीत पट्टीतील आकडे दिसले. आणि भिंगाने कड पाहता पाहता एक बारीक चीर दिसली, कडेपासून निघून रेघांत दोन बोटे आत गेलेली. आम्ही काही बोलण्यापूर्वीच वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, ती चीर मला ठाऊक आहे. आजोबांना दिसत नव्हते, तरी एकदा स्वतःच लावायला गेले आणि काठीला आपटली. मला म्हणाले, कोणाला सांगू नकोस. मी सांगितले नाही.”

धाकट्या बंधूंनी अमेरिकेस फोन लावला. पुतण्याने सर्व ऐकून घेतले. चीर किती लांब आहे ते विचारले, आणि थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “काका, ट्रंक काकूंकडेच राहू द्या.”

यंत्राची कमान अजून शाबूत आहे. अडचण सुयांची होती. पोलादी सुई एका बाजूस एकच वापरावयाची, नाहीतर रेघा खरवडतात. आणि आजोबांच्या डबीत गंजलेल्या तेवढ्या उरल्या होत्या. परवा शार्लटहून टपालाने दोनशे सुयांची पुडी आली. तीवर वहिनींचे नाव होते.